फिरतीला सोडलेले माड

कोकणात देवाला माड सोडतात, हे मला मालवणला गेल्यावर कळलं. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं किंवा एखादी होडी वादळातून परत आली की बागेतला एक माड देवाच्या नावाने सोडायचा. त्या माडाचे नारळ मग घरात फोडत नाहीत. विकून जे येईल ते देवाचं. आमच्या घरमालकांनीही तीन माड सोडले होते. त्यांनी ते फिरतीला सोडले होते.

"फिरती" हा त्यांचा कचेरीतला शब्द. बंदराच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला खोली दाखवली, विहीर दाखवली, रहाट कुठे अडकतो ते दाखवलं, आणि शेवटी बागेच्या कडेला तीन माडांपाशी नेलं. तिन्ही खोडांना चुन्याचा पट्टा ओढलेला होता.

"टीचर, हयचे पडलेले नारळ उचलू नकात. ते आमचे न्हय."

"मग कोणाचे?"

"फिरतीचे."

मला काही कळलं नाही. अनोळखी माणसाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही, म्हणून मी मान हलवली. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, मालवणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. गावातल्या बाकीच्या शिक्षिकांना "बाई" म्हणत; मला मात्र सगळे "टीचर" म्हणत. त्या शब्दामुळे लोक थोडे लांब राहत, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

घरमालकांना मी काका म्हणत असे. ते उंच आणि बारीक होते, चालताना किंचित पुढे वाकत, जणू समोरून वारा आहे. घरात पंचा नेसून वावरत. पण बोट यायची वेळ झाली की नोकरीतला काळा कोट अंगात चढवून धक्क्यावर जात. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नाही. खडकांमुळे ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव माणसांना तिच्यापर्यंत नेतात. निवृत्त माणसाचं तिथे काही काम नव्हतं. ते नुसते एका बाजूला उभे राहून चढणाऱ्यांचे चेहरे बघत. पडाव सुटला की घरी येऊन कोट खुंटीला लावत आणि जेवायला बसत.

"आज?" काकी वाढता वाढता विचारी.

"आज पन रडतच गेली," ते सांगत.

या संवादाचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. ते स्वतःच एकदा बोलले. पडवीत बसून सुंभ वळत होते.

"टीचर, मी बंदरावर आयुष्य काढलंय. पोरगो नोकरीक चललो, आवस रडता. बाईल दुखणेकरी, मुंबयच्या डॉक्टराकडे चलली, ती रडता. कोणाचो बापूस मेलो म्हणान चललो, तो रडता. हसत बोटीत चढलेलो माणूस माका दिसाक नाय. एक तरी दिसाक होयो, काय नाय?"

मी "हो" म्हटलं.

"म्हणान माड सोडलंय," ते म्हणाले आणि पुन्हा सुंभ वळू लागले.

त्या माडांचं गाऱ्हाणं गावात अजून सांगत. देवळात गुरव मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकांनी गुरवाला बाजूला सारून स्वतःच गाऱ्हाणं घातलं होतं. काकीने मला ते कुळीथ निवडता निवडता ऐकवलं, अगदी त्यांच्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा, ह्या तीन माडांचा उत्पन्न मी लग्नाक लावचंय नाय, मरणाक लावचंय नाय, औषधाक लावचंय नाय. तुझ्या जत्रेक पन लावचंय नाय. तुझी पृथ्वी केवढी आसा ती बघूक लावतलंय."

"मग लोक काय म्हणाले?"

"आधी गप्प रवले. मगे कोणतरी हसलो आनी म्हणालो, व्हय म्हाराजा. मगे सगळ्यांनी म्हटला." काकीने एक खडा वेचून बाजूला टाकला. "हसान म्हटला तरी म्हटला गो बाय. देवाच्या पुढ्यात म्हटला म्हणजे झाला."

एकदा घरात नारळ संपले होते आणि अचानक पाहुणे आले. काकांच्या सुनेने, मी तिला वहिनी म्हणत असे, पट्ट्याच्या माडाखाली पडलेला एक नारळ उचलून बांगड्याच्या कढीत वाटला. जेवताना काकांनी दुसरा घास घेतला आणि हात थांबवला. त्यांना कसं कळलं देव जाणे. आरडाओरडा काही केला नाही. पाहुण्यांच्या देखत शांतपणे म्हणाले, "आज आमी म्हैसूरचो एक दिवो खाल्लो." मग हात धुऊन उन्हातून बाजारात गेले, एक नारळ विकत आणला आणि फिरतीच्या ढिगावर ठेवला.

म्हैसूर त्यांनी एका कॅलेंडरवर पाहिलं होतं. रंगीत दिव्यांची कारंजी होती त्या चित्रात. मुलाने ते मुंबईहून आणलं होतं. साल उलटून गेलं तरी ते भिंतीवरून काढलेलं नव्हतं. मुलगा मुंबईला नोकरीला होता. वहिनी आणि तिची मुलं इथे.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की काका घराची तालीम घेत. संध्याकाळी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, दोरी लावून जागा आखायची आणि सगळ्यांनी त्या आखलेल्या जागेत वळकट्या सोडून आडवं व्हायचं. बोटीच्या डेकवर माणसाला तेवढीच जागा मिळते म्हणे. पाणी तांब्यातून, खाणं पुरचुंडीतलं, उठून घरात जायचं नाही. मुलांना मजा वाटे. वहिनीला वाटत नसे.

"मुंबयक माझो घोव एका खोलयेत धा जणांत निजता," ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे, "आनी हय एवढा घर असताना माका खळ्यात निजूची शिक्षा!"

शेजारी एक म्हातारा तांडेल राहत असे, होडीवर उभा जन्म काढलेला. तो कुंपणावरून डोकावे.

"काय रे आगबोटी, नांगर कधी उचलतलंस?"

"तुझ्या होडयेच्या आधी," काका पडल्या पडल्या सांगत.

"माझी होडी जाऊन इली, मेल्या! बांगडे पन विकले!"

अख्खं गाव त्यांना आगबोट म्हणत असे. त्यांना ते आवडत नसे असं नाही.

फिरती मात्र कधी झाली नाही. लोकांना चमत्कारिक वाटे ते हेच की पैसे होते. तीन माड वर्षातून पाच-सहा वेळा उतरत, नारळ बाजारात जात, रक्कम पोस्टात पडे. छपराची कौलं फुटून पावसात माझ्या खोलीत दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागत. पण त्या रकमेला हात लागला नव्हता. मग अडत कुठे होतं? काका बोटांवर मोजून सांगत, "सुतक, सुवेर, सून, सासू आनी शेजारी."

आणि ते खरंच होतं. एका वर्षी देवगडच्या एका चुलत्याचं सुतक आलं. पुढे एकदा वळकट्या बांधून झाल्या आणि वहिनीला दिवस असल्याचं कळलं. काकांची आई होती तोवर तिला एकटं टाकून जाणं कोणालाच बरं दिसेना. एकदा मुलाला रजा मिळाली नाही, आणि कर्ता मुलगा सोबत नसताना बायकांनी नुसतं बघायला म्हणून एवढं लांब जावं हे भाऊबंदांना पटलं नाही. एकदा तर सगळं जुळलं होतं, तेव्हा कोणी तरी म्हणालं, "काशीक गेले नाय ते म्हैसुराक चलले." तेवढ्यावर काकीचा पाय अडला. काशीला जाणाऱ्याला गाव वेशीपर्यंत पोचवायला येतं. म्हैसूरला जाणाऱ्याकडे गाव खिडकीतून बघतं.

काकी ठेंगणी होती आणि फार बोलत नसे. आमचं जमलं ते त्यामुळेच. संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसत असू, ती काहीतरी निवडत, मी वह्या तपासत. पडवीतून समोर पाण्यातला किल्ला दिसे. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तो रोज बघत होती. होडीने थोडाच वेळ लागतो, पण ती तिथेही गेलेली नव्हती. एकदा मी तिला विचारलं. आपणहून प्रश्न विचारायची माझी ती बहुधा पहिलीच वेळ.

"काकी, तुम्हाला कुठे जायचंय? म्हैसूरला?"

तिने सूप खाली ठेवलं. तिला हे आजवर कोणी विचारलं नसावं.

"माका खंयचाय चलात," ती म्हणाली. "जंय समुद्राचो आवाज येना नाय असा. जन्मल्यापासून कानात आसा गो. एकदा तो नसलो तर कसा वाटता, ता बघूचा आसा."

दिवाळीनंतर ती बारीक होऊ लागली आणि पोट मात्र वाढू लागलं. आधी गावठी औषध झालं, मग बाजारातल्या डॉक्टरांचं. त्यांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं, मिरजेला न्या, उशीर करू नका. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना समजतं.

मुलाला कळवलं. त्याने उलट कळवलं की महिन्याभरात काही जमवतो. त्याच्याकडून दरमहा येणारी रक्कम घरात पुरत नव्हती हे मला वहिनीच्या भांड्यांवरून कळत असे. घरात एकच पैसा होता, पोस्टातला.

काका देवळात कौल लावायला गेले. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. काकांनी विचारलं, त्या माडांचा पैसा औषधाला लावू का? डावी पडली. पुन्हा लावला. पुन्हा डावी. शाळेतून येताना मी त्यांना देवळाच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. चपला हातात होत्या आणि पायात घालायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

त्या संध्याकाळचं बोलणं मी माझ्या दारातून ऐकलं. सगळ्यांनाच ऐकू जात होतं.

"देवान माका मारूंदे," काका म्हणत होते. "उद्या आमी मिरजेक जातलो. सरळ."

"तुमका मारल्यान तर तुमी सुटलात," काकी आतून म्हणाली. "नातवंडांचा काय? शब्द घराचो आसा. सगळ्या गावान व्हय म्हटलला."

"गाव हसत होतो तेव्हा!"

"देव हसाक नाय."

मग काकीच म्हणाली. आवाज इतका साधा होता की उद्याच्या भाजीचं बोलत असावी.

"नैवेद्य दाखवतो मां आपण? देवाचा झाला काय मगे उरता ता घरातली माणसा खातत. तसाच करूया. आधी फिरूया. फिरून उरतले ते पैशे आमचे. मगे न्या माका मिरजेक."

"अगो, तुका नीट बसाक जमना नाय!"

"म्हणान तर आता म्हणतंय. मगे पडान रवलंय तर काय बघतलंय?"

वहिनी सासऱ्यांशी भांडली. "मामांनु, तुमी तिका सांगा! हे काय फिरूचे दिवस?" काका सांगत होते, विनवत होते; अखेर रागाने त्यांनी खळ्यातली दोरी तोडून फेकली. पण शब्द त्यांचा होता आणि तो ती पाळत होती. त्यात त्यांना कुठे बोट ठेवता येईना. शेवटी ठरलं की वाटेत कोल्हापूर लागतंच, तिथे दोन दिवस राहायचं, बघायचं, आणि मग पुढे मिरज.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दाराशी आले. "टीचर, तिथलो मोठो डॉक्टर इंग्लिशीतच बोलता म्हणतत. तुमी येशात?" मी शाळेत रजा मागितली.

आम्ही निघालो त्या सकाळी काकी हिरवं नऊवारी नेसली होती आणि केसांत अबोलीचा वळेसर होता. दुखणेकरी बाई दवाखान्याला जाताना फुलं माळत नाही. एसटीच्या थांब्यावर बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक जण हळू बोलली, पण हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं, "मराक चलली आनी नटली बघ." काकीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि खरोखर हसली. म्हणाली, "मिरजेक मगे. आधी कोल्हापूर बघूक चललंय." पायरी चढताना काकांनी तिला मागून धरलं होतं. ती हसत चढली हे त्यांना दिसलंच नाही. ते तिची पावलं बघत होते.

कोल्हापुरात आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. महाद्वारापाशी गेलो तेव्हा मला वाटलं, निदान अंबाबाईचं दर्शन ती घेईल. तिने दारातूनच हात जोडले.

"आत चला ना, काकी," मी म्हटलं. "दर्शनाला पैसे कुठे पडतात?"

"गाडयेचे पडले मां. ते देवाक बघूचे न्हय. मी परत येयन तेव्हा वेगळी येयन."

काकांनी तोंड फिरवलं. तुझ्या जत्रेला लावणार नाही, हे त्यांचंच वाक्य होतं.

मग रंकाळा. टांग्यातून उतरून ती तळ्याच्या दगडी काठावर बसली आणि बसूनच राहिली. चार पावलांवर भेळवाला होता, मुलं खेळत होती; पण पाणी हलत नव्हतं. तिने पदर कानामागे सारला.

"ऐकलात?" तिने काकांना विचारलं.

"काय?"

"काय नाय. कायच नाय ऐकाक येना." तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "एवढा पानी आनी कसा गप्प आसा बघा."

काकांना बघवत नव्हतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं प्रवासाची तालीम घेतली, आखलेल्या जागेत निजायचं कसं हे नातवंडांना शिकवलं, त्याला आता पाच मिनिटं एका जागी उभं राहता येत नव्हतं. ते येरझाऱ्या घालत, येऊन विचारत, "झाला बघून? चलूया?" त्यांचं तोंड मिरजेकडे होतं. काकीने एक हात पोटावर दाबून धरला होता. दुखत होतं हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

"घाय करू नकात," ती म्हणाली. "फिरूक इलेली माणसा घाय करनत नाय."

दुसऱ्या दिवशीही तिने तेच मागितलं, पुन्हा तळं. राजवाडा लांबून पाहिला. तिने भेळ मागून घेतली, दोन घास खाल्ले आणि उरलेली माझ्या हातात दिली. संध्याकाळी काकांना म्हणाली, "आता चला. आता तुमच्या मिरजेक चला." नैवेद्य झाला होता.

मिरजेला तिला लगेच आत घेतलं. मोठे डॉक्टर परदेशी होते, वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी तपासलं, दुसऱ्या दिवशी पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. मग मला आणि काकांना बोलावलं. ते माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलत होते आणि काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी ऐकलं ते असं: हा आजार बऱ्याच महिन्यांचा आहे आणि सगळीकडे पसरला आहे. दुखू लागायच्या आधीच तो हाताबाहेर गेला होता. दोन दिवस, दोन आठवडे, यांनी काही फरक पडला नसता. तिला घरी घेऊन जा, तिला आवडेल ते करा.

मी ते मराठीत सांगितलं. काकांनी विचारलं, "दोन दिवसांचा तेणी आपणहून सांगितल्यान, काय तुमी विचारलात?"

"मी विचारलं," मी म्हटलं. विचारलं होतं. त्यांच्यासाठीच विचारलं होतं.

"हां," ते म्हणाले.

काकीला परत आणलं. पौषात ती गेली. शेवटचे काही दिवस ती पडवीत निजून असे आणि समुद्राचा आवाज मोठा झाला की कूस बदले. गावाने फार काही म्हटलं नाही. जे म्हटलं ते एवढंच, की दोन दिवस तळ्यावर घालवले. वहिनीने एकदा भांडी घासताना ते माझ्यापाशी म्हटलं आणि मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी तेंका बरा वाटाचा म्हणान सांगतात, टीचर. माका कळता."

तांडेलाने कुंपणावरून हाका मारणं बंद केलं. एकदा तो मासळी घेऊन आला, वहिनीच्या हातात दिली आणि काकांकडे न बघता गेला. बोट यायच्या वेळी काका आता कोट घालत नसत. फिरतीच्या माडांवर कोणी चढत नसे. नारळ वाळून आपोआप पडत आणि तिथेच राहत. औषधाला लावायला ते मोकळे नव्हते, घरात फोडायला घरचे नव्हते, आणि फिरायला आता कोणी नव्हतं. मिरजेहून उरलेले थोडे पैसे काकांनी पोस्टात परत टाकले.

रोज संध्याकाळी मात्र ते माझ्या दाराशी येत. चौकटीला हात लावून उभे राहत.

"टीचर, तो डॉक्टर काय बोललो?"

मी सांगत असे. तेच शब्द, त्याच क्रमाने. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते थांबवत, "काल तुमी असा म्हटलात नाय." पूर्ण ऐकून घेत. मग म्हणत, "तुमी बरे आसात," आणि जात. त्यांना ते पटलं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मी किती सांगणार? मी शब्द बदलून पाहिले, सोपे करून पाहिले, तर त्यांचा संशय वाढला. मग मी पुन्हा पहिल्या शब्दांवर आले. पावसाळाभर हे चाललं.

पुढच्या वर्षी पुण्यात माझी सोय झाली आणि मी मालवण सोडलं. निघायच्या सकाळी काका माझी ट्रंक उचलायला आले. वहिनी आत होती. त्यांनी ट्रंक उचलली नाही, तिच्यावरच बसले.

"एकदा इंग्लिशीत सांगा," ते म्हणाले. "तेणी सांगितल्यान तसाच. एक शब्द बदलू नकात."

"तुम्हाला कळणार नाही, काका."

"शब्द कळूचे नाय. खरा काय खोटा ता कळात."

मी उभी राहिले आणि डॉक्टरांची वाक्यं म्हटली. ती मी विसरले नव्हते. विसरणं शक्य नव्हतं. काका मान एका बाजूला करून ऐकत होते, डोळे माझ्या तोंडावर. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी परीक्षेला उभं केल्यासारखं माझं झालं.

"टीचर, तुमचो आवाज कापता."

"माझा नेहमीच कापतो," मी म्हटलं. "वर्गात पण कापतो. मुलांना विचारा."

"बऱ्या माणसाचो आवाज खोटा बोलताना कापता," ते समजुतीने म्हणाले. "माका राग नाय. तुमी माझ्यासाठी बोललात."

मी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं. पण आता जे म्हणेन ते कापऱ्या आवाजातच म्हणेन, हे मला कळत होतं.

थांब्यापर्यंत ते ट्रंक खांद्यावर घेऊन आले. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. त्यांनी स्वतः वर चढून ट्रंक टपावर बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून माझ्या खिडकीशी आले. मी उजव्या बाजूला बसले होते.

"हय नको. डाव्या अंगाक बसा," ते म्हणाले. "घाटात दरी त्या अंगाक आसा. खाली सगळा हिरवा दिसता, मधी एक पानयाची रेघ. माका दिसाक नव्हती. तिणा दाखवल्यान."

कोल्हापूरला जाताना ती दोघं माझ्या मागच्या बाकावर होती आणि मला बस लागते म्हणून मी घाटभर डोळे मिटून बसले होते. तिने त्यांना काय काय दाखवलं ते मला माहीत नव्हतं.

मी उठून डाव्या बाजूला जाऊन बसले.